घरचा बीफ पिझ्झा : मधोमध चिखल आणि वर वातड खिमा. माझं कुठे चुकतंय?

अर्धकच्ची

सलग चौथ्या शनिवारी फसले, म्हणून आज लाज सोडून विचारतेय.

साधा टोमॅटो-चीजचा पिझ्झा मला बरा जमतो. तुकडा उचलला तर टोक लोंबत नाही आणि मुलं मागून घेतात. त्यावर बीफचा खिमा घातला की मात्र सगळं बिघडतं. कडा फुगतात, खालून सोनेरी होतात, आणि मधला वीतभर भाग पिचपिचीत राहतो. परवा तुकडा उचलला तर टोक वाकलं आणि वरचा सगळा माल घसरून ताटात पडला. धाकटा म्हणाला, "आई, पिझ्झा उतरला." नवरा काही बोलला नाही, उठून चमचा घेऊन आला. चमचा! त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

मी वजन करून काम करणारी बाई आहे, तेव्हा आकडे देते. पीठ : 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर तेल. रात्रभर फ्रिजमध्ये, मग तीन गोळे. ओव्हन 250 वर पंधरा मिनिटं तापवते. ट्रे पातळ, ओव्हनबरोबर आला होता तोच. भाजायला 14 मिनिटं लागतात.

वर जे घातलं ते असं : डब्यातले टोमॅटो मिक्सरमधून काढून त्याचे चार मोठे डाव, 250 ग्रॅम खिमा, पाण्यातल्या ताज्या मोझरेलाचा 125 ग्रॅमचा अख्खा गोळा, एक कांदा, सहा-सात मशरूम. कांदा-मशरूम कच्चेच. खिमा 5 टक्के चरबीचा घेते, पिझ्झा जड होऊ नये म्हणून.

खिम्याचे माझे प्रयोग :

पहिल्या आठवड्यात कच्चाच पसरला. भाजल्यावर पिझ्झ्यावर तळं साचलं. दुसऱ्या आठवड्यात भरपूर शिजवून घातला, तर बंदुकीचे छर्रे झाले. तिसऱ्या वेळी कुठेतरी वाचलं होतं की सोडा लावला की खिमा मऊ राहतो, म्हणून चमचाभर सोडा लावला. मऊ झाला खरा, पण चव साबणाची. चौथ्या वेळी फ्रीझरमधला खिमा कढईत एकदम टाकला, झाकण ठेवलं, राखाडी झाल्यावर उतरवला. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

आता नीट कळू दे. खिमा कच्चा घालायचा की शिजवून? चरबी किती टक्के हवी? की बीफ हे पिझ्झ्याचं कामच नाही?

---

चिमूटभर

250 ग्रॅम खिमा एका पिझ्झ्यावर? बाई, तो पिझ्झा आहे, मालट्रक नव्हे. 30 सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला 80-90 ग्रॅम पुरे.

---

खरपूस

चिमूटभर यांनी निम्मा निकाल लावलाच आहे. उरलेला निम्मा मी जरा विस्ताराने लावतो. माझे स्वतःचे किती पिझ्झे असे बुडाले याची मोजदाद नाही, त्यामुळे तुमचं पोस्ट वाचताना जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

तुमचं पीठ चांगलं आहे, त्याला हात लावू नका. शंभराला पासष्ट पाणी, दोन टक्के मीठ, रात्रभर थंडीत आंबवणं, यात खोट नाही. खोट वरच्या पाण्यात आहे. तुम्ही वजनवाल्या आहात तर त्या पाण्याचंही वजन करा. इतक्या कमी चरबीच्या खिम्यात सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणजे तुमच्या 250 ग्रॅममध्ये पावणेदोनशेच्या वर. ते सगळं बाहेर येत नाही, पण शिजताना वजनाचा पाव हिस्सा सहज सुटतो. ताज्या मोझरेलात निम्म्याहून जास्त पाणी. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर, कांद्यात जवळपास तेवढंच, आणि सॉस तर बोलूनचालून पाणीच. हे सगळं तुम्ही 280 ग्रॅमच्या गोळ्यावर, तेही पातळ ताणलेल्या, रचलंत. मधला भाग भाजलाच जात नव्हता, उकडला जात होता.

खिम्याचंही तेच. पाणी आहे तोवर कढईचं तापमान 100 अंशांच्या आसपासच घुटमळतं. मांसाला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो त्याला साधारण 140 अंश लागतात. तुम्ही फ्रीझरमधला खिमा घेतलात. गोठताना बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फोडतात, त्यामुळे तो वितळताना आणखी पाणी सोडतो. तो सगळा एकदम कढईत टाकलात आणि वर झाकण ठेवलंत. झाकण का ठेवलंत हो? वाफेला जायला जागाच उरली नाही. राखाडी रंग म्हणजे खिमा परतला गेला नाही, उकडला गेला.

आता छर्रे का झाले. उष्णतेने मांसाचे तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून टाकतात. चरबी असेल तर ती मध्ये राहून दाताला मऊपणा देते. 5 टक्क्यांत मध्ये राहायला आहेच काय? 20 टक्के चरबीचा घ्या, निदान 15. जड होईल ही भीती सोडा, सुटलेली चरबी आपण काढूनच टाकणार आहोत.

मी करतो ते असं. खिमा फ्रिजमध्ये रात्रभर चाळणीत ठेवून वितळवतो, खाली वाटी. सकाळी वाटीत लाल पाणी दिसतं, ते फेकायचं. बीडाचा तवा धूर निघेल-निघेल इतका तापवतो. 150 ग्रॅम खिमा, जास्त नाही, तव्यावर एकाच पातळ थराने दाबून पसरतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. हेच अवघड आहे. आपला हात शिवशिवतो, उलथनं आत घालावंसं वाटतं. घालायचं नाही. दोन-अडीच मिनिटांनी खालून गडद तपकिरी पापुद्रा धरतो, तेव्हा उलटायचा आणि मग मोडायचा. दुसरी बाजू जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट, कारण पुढे ओव्हनमध्ये तो पुन्हा शिजणारच आहे. हे अर्थात लगेच पिझ्झ्यावर घालायचा असेल तरच. उद्यासाठी ठेवायचा असेल तर पूर्ण शिजवा. अर्धवट शिजलेला खिमा फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे जंतूंना पंगतीला बोलावणं.

मग चाळणीत निथळायचा. खाली जमलेली चरबी मात्र टाकू नका, पिझ्झा बाहेर आला की ब्रशने कडेला लावा, ती कडा खाऊन बघा आणि मग मला सांगा. खिम्यात एक चमचा टोमॅटोची दाट पेस्ट, चिमूटभर मिरपूड, ठेचलेली बडीशेप कालवतो. पेस्टमुळे कण एकमेकांना धरून राहतात, तुमच्या धाकट्याच्या भाषेत "उतरत" नाहीत.

चरबी का निथळायची याचं आणखी एक कारण. बीफची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा कडक, वितळायला जास्त ऊब मागणारी. पिझ्झा जरा निवला की ती टाळूला मेणासारखी चिकटते. दुसऱ्या घासानंतर पाणी प्यावंसं वाटतं आणि पाण्याने ती आणखी थिजते. हे कोणी आधी सांगत नाही.

सोड्याबद्दल : तुम्ही वाचलंत ते खरं होतं, माप चुकलं. अर्ध्या किलोला पाव चहाचा चमचा, दोन चमचे पाण्यात विरघळवून, पंधरा-वीस मिनिटं. तुमच्या पाव किलोला त्याच्याही निम्मा. तुम्ही चमचाभर घातलात, म्हणजे आठपट. साबण होणारच. मापात घातला तर मांस पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर येतो. चांगल्या चरबीच्या खिम्याला मला तरी त्याची गरज वाटत नाही.

---

कच्चाच_बरा

खरपूस यांच्या पाण्याच्या हिशेबाशी शंभर टक्के सहमत, पण आधी परतून घ्यायच्या पद्धतीशी नाही. परतलेला खिमा कितीही छान परता, पिझ्झ्यावर तो दुसऱ्यांदा कोरडा होतोच. खिमा कच्चाच घालावा, फक्त पसरू नये.

पहिल्या आठवड्यात तुमचं तळं झालं ते कच्चा घातला म्हणून नव्हे. पाव किलो घातलात आणि थर दिलात म्हणून. थराखालून वाफ निघत नाही.

200 ग्रॅम खिम्याला 3 ग्रॅम मीठ, अर्धा चमचा कुटलेली बडीशेप, मिरपूड, एक लसणाची पाकळी किसून, असेल तर पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड). आता हे हाताने मिनिटभर चांगलं मळायचं. बर्गरला मळू नका म्हणतात ना, इथे उलट. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात, मिश्रण चिकट होतं, बोटांना लागतं. त्यामुळे तुकडा शिजल्यावर भुगा होत नाही, सॉसेजसारखा लवचीक राहतो आणि रस आत धरतो. अर्धा तास फ्रिजमध्ये. मग मोठ्या वाटाण्याएवढे तुकडे चिमटीने तोडून, जरासे चपटे करून, चीजच्या वर ठेवायचे. वर, खाली नाही. चीजखाली गाडलेत तर पुन्हा उकडतील. एका पिझ्झ्यावर 80 ग्रॅम, दोन तुकड्यांमध्ये बोटभर मोकळी जागा.

गोळे ओबडधोबडच ठेवा. गुळगुळीत वळले तर भाजायला कोपरे उरत नाहीत, आणि काळे पडलेले कोपरे हाच तर मजेचा भाग.

---

अर्धकच्ची

दोघांचंही वाचून डोकं गरगरलं, पण चांगल्या अर्थाने. झाकण का ठेवलं याला उत्तर नाही. आई ठेवायची म्हणून.

कच्चाच_बरा, कच्च्याची मला भीती वाटते. मुलं खाणार. स्टेक आतून लालसर चालतो, तर खिमा का नाही, आणि आठ-दहा मिनिटांत तो शिजला हे ओळखायचं कसं?

---

कच्चाच_बरा

भीती योग्यच आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असलेच तर बहुतेक वरच्या बाजूला असतात, आणि ती बाजू तव्यावर भाजली जाते. खिमा करताना वरचं सगळं आत मिसळतं. म्हणून खिमा आतपर्यंत 71 अंश व्हायला हवा. रंगावर विसंबू नका. कधी तो 71 च्या आधीच तपकिरी दिसतो, तर कधी नंतरही गुलाबी राहतो. सळीचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात मधोमध खुपसून बघा. 250 च्या ओव्हनमध्ये, वाटाण्याएवढा चपटा तुकडा, आठ-नऊ मिनिटं. माझ्याकडे दर वेळी 71 च्या बराच वर जातो. पण पहिल्या एक-दोन वेळा मोजाच. माझा ओव्हन तुमच्या घरी नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. हे घरच्या ओव्हनपुरतं आहे. ज्यांच्याकडे 450 अंशांचा लाकडाचा किंवा गॅसचा पिझ्झा ओव्हन आहे, त्यांनी कच्चा खिमा घालू नये. तिथे पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. वरून काळा पडेल आणि आत कच्चा राहील. तिथे खरपूसरावांची पद्धत.

---

खरपूस

शेवटी माझ्याकडे यावंच लागलं.

---

बूड_महत्त्वाचं

सगळे वरच्या मालाबद्दल बोलतायत, तर मी खालचं बोलतो.

पंधरा मिनिटांत ओव्हनमधली हवा तापते, लोखंड नाही. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार, हा गैरसमज आहे. दगड किंवा पोलादी पत्रा असेल तर पाऊण ते एक तास तापवा. दोन्हींत पोलाद उष्णता झटकन पोचवतं, म्हणून बूड लवकर होतं. दोन्ही नसेल तर तुमच्याकडचा सगळ्यात जाड ट्रे पालथा घालून आत पाऊण तास ठेवा आणि पिझ्झा त्याच्या पाठीवर सोडा. थंड पातळ ट्रेवर पिझ्झा रचून तो आत ढकलला की पहिली चार-पाच मिनिटं ट्रे तापण्यातच जातात. तेवढ्या वेळात वरचं पाणी खाली मुरतं. तुमचे 14 मिनिटं तिथेच गेले. बूड बरोबर तापलं तर 8 पुरतात.

बेकिंग पेपर वापरत असाल तर पाकिटावर बघा, बरेचसे 220-230 पर्यंतच चालतात. 250 ला काळे पडून चुरतात. सरकवायला लाकडी फळीवर रवा भुरभुरवा, आणि फळीवर पिझ्झा रचून फोन घ्यायला जाऊ नका. परत येईपर्यंत तो फळीला चिकटलेला असतो. माझा एकदा सरकवताना अर्धा आत गेला आणि अर्धा फळीवरच राहिला, त्याचा आकार सांगण्यासारखा नव्हता.

बीफसाठी माझी खरी पसंती मात्र बीडाच्या तव्यालाच. ओव्हन आधीच कडक तापलेला हवा. तवा गॅसवर मध्यम तापवायचा, थोडं तेल, त्यात ताणलेला गोळा, भराभर सॉस, चीज, माल. दोन-तीन मिनिटांत खालून धरतो. मग अख्खा तवा वरच्या कप्प्यात, शेवटची दोन मिनिटं वरचं ग्रिल. बूड आधीच भाजलेलं असल्याने वरच्या थोड्याफार ओलीला ते दाद देत नाही. तव्याची मूठ विसरून नुसत्या हाताने धरू नका. हे मी का सांगतोय ते ओळखा.

---

नुसतीच_वाचक

एरवी लिहीत नाही, पण सगळे खिम्यातच अडकलेत म्हणून. बीफ म्हणजे फक्त खिमा नव्हे.

आमच्याकडे आदल्या दिवशी खांद्याचा किंवा छातीचा तुकडा मंद आचेवर तीन तास शिजवून उरलेला असला, की त्याचे धागे काढून दुसऱ्या दिवशी पिझ्झ्यावर. धाग्यांना त्यांचाच आटवलेला रस एखादा चमचा चोळायचा आणि अर्धे चीजखाली घालायचे. वर राहिले तर करपतात. याच्यासारखं दुसरं काही नाही.

स्टेकचा पिझ्झा करणार असाल तर स्टेक भाजू नका, म्हणजे पिझ्झ्याबरोबर भाजू नका. वेगळा, कडक तव्यावर, आतून लालसर ठेवून. पाच-सात मिनिटं तसाच राहू द्या, मग तंतूंच्या आडवे पातळ काप करून, पिझ्झा बाहेर आल्यावर वर टाका. पिझ्झ्याबरोबर आठ मिनिटं आत गेला तर चपलेचा तळ. कच्च्याचेच पातळ काप हवे असतील तर तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून घ्या, सुरी सरळ चालते.

ब्रेसाओला मिळालं तर जरूर घ्या. उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिनाचं, मीठ लावून हवेत वाळवलेलं बीफ. ते मुळीच भाजायचं नाही. गरम पिझ्झ्यावर कागदासारखे काप, अरुगुलाची पानं, पार्मेझान, लिंबाचे चार थेंब. पाण्याचा प्रश्नच नाही, ते आधीच गेलेलं.

आणि बीफ पेपरोनी, म्हणजे मसालेदार वाळवलेल्या सॉसेजचे काप. मूळ अमेरिकन पेपरोनी बहुधा डुक्कर-बीफ मिश्र असतं, पण निव्वळ बीफचंही मिळतं. जाडसर काप घेतले तर कडा वर वळून वाट्या होतात आणि त्यात तेल साचतं. मला ते आवडतं. ज्यांना नको त्यांनी काप कागदात दाबून अर्धा मिनिट मायक्रोवेव्हमध्ये घालावेत.

---

अर्धकच्ची

अहवाल.

पिठाला हात लावला नाही. ताज्या मोझरेलाला सुट्टी दिली, कोरडं मोझरेला आणलं, स्वतः किसलं, 95 ग्रॅम. (तयार किसलेलं आणणार होते, पण कीस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावतात आणि ते एकसंध वितळत नाही, हे बहिणीने ऐनवेळी सांगितलं.) टोमॅटो मिक्सरमधून न काढता हाताने चुरडून चाळणीत ठेवले. अर्धी वाटी पाणी निघालं! हे मी इतके दिवस पिझ्झ्यावर ओतत होते. सॉस 75 ग्रॅम. मशरूम कोरड्या तव्यावर चरचरणं थांबेपर्यंत परतले, कांदा कागदासारखा चिरला आणि मोजून अर्धाच घातला.

बीडाचा तवा मिळाला नाही, म्हणून जाड ट्रे पालथा, 50 मिनिटं.

खिमा 20 टक्क्यांचा. पहिल्या पिझ्झ्यावर मध्ये एक काल्पनिक रेघ मारली. डावीकडे खरपूस, उजवीकडे कच्चाच_बरा. प्रत्येकी 40 ग्रॅम. मिठाने खिमा खरंच चिकट झाला, हाताचा सुटेना. परतताना मी दोन मिनिटं हात मागे बांधून उभी होते आणि नवऱ्याने येऊन विचारलं की बरं वाटत नाहीये का.

साडेआठ मिनिटं, त्यातली शेवटची दीड ग्रिलखाली. सगळ्यात जाड कच्च्या तुकड्यात सळी घातली, 83.

बूड कोरडं. तुकडा आडवा धरला, टोक जरासं झुकलं पण माल जागच्या जागी. डावी बाजू जास्त खमंग, तव्याचा तो जळका-गोड वास सगळ्या चीजमध्ये उतरला होता. उजवी जास्त रसाळ, चावायला मजेशीर, पण बडीशेप मी जास्त घातली असावी, मोठी म्हणाली "मुखवासासारखं लागतंय". मतमोजणी : नवरा डावीकडे, मोठी डावीकडे, धाकटा उजवीकडे कारण "गोळे मोजता येतात". मी दोन्हीकडे. खरं सांगायचं तर परतलेल्या खिम्याची ती निथळलेली चरबी कडेला लावली, त्यानंतर मला मधल्या भागात फारसा रस उरला नाही.

दुसरा पिझ्झा बिघडला, तेही सांगते. पहिल्याच्या यशाने हात सैल सुटला, "अजून थोडं" करत खिमा 130 ग्रॅमपर्यंत नेला, आणि ट्रे पुन्हा तापायची वाट पाहिली नाही. मध्ये ओल राहिली. चिखल नाही, पण ओल.

तिसरा गोळा फ्रिजमध्ये आहे. मळलेला खिमाही 120 ग्रॅम उरलाय. तो वाटाण्याएवढा तोडून फ्रीझरमध्ये ठेवला तर थेट गोठलेलाच पिझ्झ्यावर टाकता येईल का?

---

कच्चाच_बरा

बडीशेप पाव चमचा करा, माझ्याकडे सगळे जरा जास्तच खातात.

तोडून, ट्रेवर सुटे-सुटे गोठवून, मग पिशवीत भरा. पण गोठलेले थेट टाकू नका. आत बर्फ असताना बाहेरून भाजले जातील, आणि वितळताना तेच तुमचं जुनं पाणी पुन्हा पिझ्झ्यावर येईल. आदल्या रात्री चाळणीत, फ्रिजमध्ये. आणि भाजल्यावर सळी घाला.

---

बूड_महत्त्वाचं

दोन पिझ्झ्यांच्या मध्ये ट्रेला दहा मिनिटं द्या, दार बंद ठेवून. मुलं ओरडली तर ओरडू देत.

---

खरपूस

दोन विरुद्ध एक. नोंद घेतली आहे.